वाद्यवृंदाची सहल आणि वर्गणीची भिंत
तालुक्याच्या गावातील शालेय वाद्यवृंदाने पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात कला सादर करावी, ही आकांक्षा स्तुत्यच होय. 1968 साली खुले झालेले हे महापालिकेचे रंगमंदिर जनतेच्याच पैशातून उभे राहिले. परंतु प्रवासखर्चाची सरसकट समान वर्गणी ठरली, की प्रथम गळतो तो तबला वाजविणारा गरिबाघरचा मुलगा. हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. करारावर घेतलेल्या एस.टी.चे भाडे किलोमीटरवर ठरते, डोक्यांवर नव्हे. एक मुलगा वगळल्याने पैचीही बचत होत नाही. उलट इतरांचा वाटा वाढतो आणि ठेका मात्र हरवतो. तेव्हा निवड गुणांवर व्हावी आणि वर्गणी ऐपतीनुसार, बंद पाकिटातून घ्यावी. रंगमंच सर्वांचा असेल, तर तेथवर नेणारी गाडीही सर्वांचीच असली पाहिजे.