रत्नागिरीची गाडी

आमचं गाव मलकापूर. नाही, बुलढाण्याचं नाही. कराडजवळचंही नाही. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालात की आंबा घाट लागायच्या आधी जे लागतं ना, ते. शाहूवाडी तालुक्यातलं. पुण्यातल्या ऑफिसात हे इतक्या वेळा सांगून झालंय, की आता मी सरळ 'कोल्हापूर' म्हणून मोकळा होतो. समोरचा लगेच तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर घसरतो आणि माझी सुटका होते.

तर या मलकापूरच्या एसटी स्टँडवर आम्हा पोरांचा एक हिट जोक होता. रत्नागिरीची गाडी लागली, की घोळक्यातल्या कुणाला तरी ढकलायचं, "ए, तुझी गाडी लागली बघ!" की सगळे खो-खो हसणार. बाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं काय, ते कळायचं नाही. गोष्ट अशी, की रत्नागिरीत ब्रिटिशांच्या काळापासूनचं मनोरुग्णालय आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी, ही राज्यातली जुनी चार. पुणेकर जिथे 'येरवडा' म्हणतात आणि मुंबईकर 'ठाणे', तिथे आम्ही 'रत्नागिरी' म्हणतो. समुद्र आणि हापूस नंतर आठवतात.

हा जोक सगळ्यात जोरात मी मारायचो. आधीच कबूल केलेलं बरं.

दोनेक वर्षांपूर्वी बाणेरच्या फ्लॅटवर मला पहाटे साडेतीनला जाग यायला लागली. छातीत धडधड, हातापायाला घाम, आणि आता आपण संपलो अशी पक्की खात्री. ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हार्ट ठणठणीत आहे. दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या." दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पायऱ्या उतरताना डोक्यात एकच वाक्य होतं. गाडी लागली बघ!

आता बघा हं. दात दुखला तर आपण काय करतो? ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो, 'एनीवन नोज अ गुड डेंटिस्ट?' पाच मिनिटांत सात नावं येतात. वर 'त्याच्याकडे अजिबात जाऊ नको, लुटतो' हे बोनस. मनाचं दुखणं असेल तर? रात्री एक वाजता, इन्कॉग्निटो विंडोत, ब्राइटनेस कमी करून एकटेच शोधत बसतो. आणि जो पहिला सापडेल, त्याच्याकडे जातो.

मला पहिले सापडले ते एक काउन्सिलर. पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये चाळीस मिनिटं तेच बोलले. "कोल्हापूरचे ना तुम्ही? मग असं घाबरून कसं चालेल? व्यायाम करा, आणि खरं सांगू का, लग्न करून टाका." बाराशे रुपये. एवढा सल्ला तर आमची मावशी फुकट देते, वर चहा पाजते.

दुसरे सायकिअॅट्रिस्ट होते. चार मिनिटांत प्रिस्क्रिप्शन हातात. गोळी कशाची, किती दिवस घ्यायची, त्रास झाला तर काय करायचं, अवाक्षर नाही. पाच दिवस मी गुंगीत कोडिंग केलं आणि गोळ्या डस्टबिनमध्ये टाकल्या. डिप्रेशन-अँग्झायटीवरच्या बऱ्याच गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जावे लागतात आणि त्या अशा मनानेच बंद करायच्या नसतात, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी सांगितलं नाही हे खरं. पण मीही विचारलं नाही. मला तिथून कुणी ओळखीचं बघायच्या आत बाहेर पडायचं होतं.

मग चार महिने मी कुणाकडेच गेलो नाही. 'करून बघितलं, काही उपयोग नाही.' विषय संपला. त्या चार महिन्यांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो, की एका रात्री आईला फोन करून माझं बँकेचं पासबुक कुठल्या कपाटात आहे, ते मी उगाचच सांगितलं होतं. ती म्हणाली, "का रे?" मी म्हटलं, "असंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वारगेटला उतरली. पिशवीत भाकरी, खर्डा आणि गुळाची ढेप. फ्लॅटवर येऊन तिने आधी भांडी घासली. मग समोर बसली. मी सगळं सांगितलं. पहाटेचं, गोळ्यांचं, पासबुकाचंही. ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "रत्नागिरीला न्यायचं म्हणत्यात काय रं?"

बॉस, त्या दिवशी माझाच जोक मला लागला.

मी म्हटलं, "न्हाई आई. इथंच जायचं, तासभर बोलायचं, घरी यायचं." तिने डोळे पुसले. म्हणाली, "मग जा की. पण गावात कुणाला सांगू नको."

पण जायचं कुणाकडे? शेवटी धीर करून शेजारच्या डेस्कवरच्या सीनिअरला चहाच्या टपरीवर विचारलं. "अगं, माझा एक मित्र आहे..." ती हसली. "तुझ्या मित्राला माझ्या थेरपिस्टचा नंबर देते." दोन वर्षं ती जात होती. दोन वर्षं आम्ही दीड फुटाच्या अंतरावर बसून एकाच गोष्टीबद्दल गप्प होतो!

ही तिसरी भेटली आणि फरक कळला. पहिल्याच सेशनला तिने स्वतःचं शिक्षण सांगितलं, फी सांगितली, साधारण किती सेशन्स लागतील, इथलं काय गुप्त राहील आणि कुठल्या परिस्थितीत नाही, तेही सांगितलं. वर म्हणाली, "चार भेटींत जमलं नाही असं वाटलं तर सांगा, दुसरं नाव देईन." पासबुकाचं ऐकल्यावर तिने एका सायकिअॅट्रिस्टकडेही पाठवलं. त्यांनी एका गोळीसाठी वीस मिनिटं घालवली.

तेव्हा समजलेला फंडा तुम्हालाही देऊन ठेवतो. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, थेरपी देतो. त्याच्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो विचारता येतो. 'काउन्सिलर' ही पाटी मात्र सायकॉलॉजीत एमए केलेल्याच्या दारावरही दिसते आणि दोन दिवसांचं वर्कशॉप केलेल्याच्या दारावरही. म्हणून विचारायचं. मोबाइल घेताना रॅम विचारतो की नाही? आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. आपली माहिती गुप्त राहणं हा त्यात हक्क आहे, उपकार नाही.

विषय काही नवा नाही हो. डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० मध्ये सुरू केली. २०१५ मध्ये दीपिका पडुकोण स्वतःच्या डिप्रेशनबद्दल बोलली, आपण टाळ्या वाजवल्या. 'कासव'ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं, आपण स्टेटस टाकलं. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की डिप्रेशन-अँग्झायटीसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातले साधारण पंच्याऐंशी जण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. दुसऱ्याच्या डिप्रेशनला टाळ्या आणि स्वतःच्या डिप्रेशनला इन्कॉग्निटो.

आणि चांगला थेरपिस्ट मिळत नाही, तो यामुळेच. लाज वाटते म्हणून विचारत नाही. विचारत नाही म्हणून कोण चांगला, कोण नुसता पाटीवाला, हे कुणालाच कळत नाही. मग वाईट अनुभव आला की सगळा विषयच बाद. एक दाढ चुकीची काढली म्हणून जन्मभर दातदुखी काढतो का आपण?

परवा रात्री मलकापूरहून फोन आला. स्टँडवर मला सगळ्यात जास्त ढकलणारा तोच. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "भावा, पुण्यात कुणी डोक्याचा डॉक्टर हाय काय ओळखीचा? माझ्यासाठी न्हाई रे. एका मित्रासाठी."

मी सांगितलं, की कोल्हापुरात सीपीआरला मानसोपचार विभाग आहे. रात्रीबेरात्री लागलंच तर टेली-मानसचा १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. आणि माझी थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवरही बोलते.

"माझी?" तो म्हणाला. "तू जातोस?"

आई म्हणाली होती, गावात कुणाला सांगू नको.

"व्हय," मी म्हटलं. "दीड वर्ष झालं."

पलीकडे शांतता. मागे कुठली तरी एसटी रिव्हर्स घेत होती. मला वाटलं, आता हसणार.

"फी किती घेतात रे?" त्याने विचारलं.

अगदी दाताच्या डॉक्टरची विचारतात, तशी. मी नंबर पाठवून दिला.

आई, सॉरी. एकालाच सांगितलंय. आणि आता या सगळ्यांना.