चेहऱ्याचा मक्ता

तळहाताएवढ्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला किंमत ती काय असावयाची? १९५२ साली अमेरिकेतील टॉप्स कंपनीने च्युइंगमबरोबर विकलेले, मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. अशा विक्रमांच्या बातम्या चवीने वाचल्या जातात आणि श्रीमंतांचा छंद म्हणून सोडूनही दिल्या जातात. परंतु या व्यवसायाचे खरे मर्म लिलावाच्या बोलीत नाही. अमुक खेळाडूचे चित्र, अमुक संघाचे बोधचिन्ह छापण्याची परवानगी कोणाला, किती काळ आणि कोणत्या अटींवर मिळते, यावर हा सारा बाजार उभा आहे. आज ती परवानगी झपाट्याने एकाच हाती जात असल्यामुळे या प्रश्नाचा गंभीरपणे विचार व्हावयास हवा.

माणसाच्या चेहऱ्याला बाजारात मोल असते आणि त्या मोलावर त्या माणसाचाच अधिकार असतो, हे तत्त्व अमेरिकन कायद्यात रुजले तेच मुळी या कार्डांच्या भांडणातून. हेलन लॅबोरेटरीज आणि टॉप्स या दोन च्युइंगम कंपन्या एकाच खेळाडूंच्या छायाचित्रांसाठी झगडत होत्या. १९५३ साली न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी निर्णय दिला, की खासगी जीवनाच्या गोपनीयतेहून वेगळा असा प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीला असतो आणि तो ती एखाद्याला अनन्य स्वरूपात देऊ शकते. खेळाडूच्या हक्काला मान्यता मिळाली; पण त्याच क्षणी तो हक्क एकगठ्ठा विकत घेण्याचा मार्गही खुला झाला. टॉप्सने तो चोखाळला. १९५६ मध्ये तिने बोमन हा प्रतिस्पर्धी विकत घेतला आणि पुढे जवळजवळ पाव शतक बेसबॉल-कार्डांचा बाजार तिच्या मुठीत राहिला.

या काळात खेळाडूंच्या पदरात काय पडत होते? वर्षाकाठी १२५ डॉलर. मार्विन मिलर १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे सूत्रधार झाले, तेव्हा त्यांच्या नजरेस हा करार आला. पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेल्या या माणसाने खेळाडूंना एकच सल्ला दिला : कराराच्या नूतनीकरणावर सह्या करू नका. कंपनीला अखेर नमावे लागले. १९६८ मध्ये रक्कम दुप्पट झाली आणि विक्रीच्या पहिल्या ४० लाख डॉलरवर ८ टक्के व त्यापुढे १० टक्के स्वामित्वधन खेळाडूंना मिळू लागले. एकट्यादुकट्या खेळाडूला जे साधले नसते, ते संघटनेने साधले.

मक्तेदारीला पुढचा धक्का फ्लीअर कंपनीने दिला. तिने १९७५ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात १९८० साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि १९८१ मध्ये फ्लीअर व डॉनरस या दोन्ही कंपन्या बाजारात उतरल्या. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. पण टॉप्सचा हक्क च्युइंगमसारख्या खाद्यपदार्थांबरोबरच्या विक्रीशी निगडित असल्याने फ्लीअरने च्युइंगमऐवजी चिकटचित्रे आणि डॉनरसने कोड्याचे तुकडे घालून धंदा चालू ठेवला. पुढे स्कोअर आली, १९८९ मध्ये अपर डेक आली. कागद सुधारला, छपाई सुधारली, मुलांना निवड मिळाली.

मक्तेदारीचे समर्थक येथेच बोट ठेवतात. परवाने वाढले तशी कार्डांची छपाईही बेसुमार वाढली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदीच्या आरंभी छापलेली कार्डे लोकांनी भविष्याची पुंजी म्हणून जपली आणि आज त्यांतील बहुतेकांना रद्दीचाच भाव आहे. तेव्हा एकच परवानाधारक असला, तर दुर्मिळताही टिकेल आणि छंदाची प्रतिष्ठाही टिकेल, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु त्या अरिष्टाचे खरे कारण कंपन्यांची संख्या हे नव्हते. किती प्रती छापल्या, हे ग्राहकाला कळण्याची सोय नव्हती, हे होते. आकडा झाकून ठेवणारा व्यापारी एक असला काय आणि पाच असले काय, ग्राहकाची फसगत सारखीच व्हावयाची.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांतील घटना पाहाव्यात. २०१० पासून बेसबॉल संघांच्या बोधचिन्हांचा अनन्य परवाना पुन्हा टॉप्सकडे गेला. बास्केटबॉल इटलीच्या पॅनिनीकडे गेला आणि २०१६ पासून अमेरिकन फुटबॉलही तिच्याकडेच आला. म्हणजे प्रत्येक खेळाला एक मक्तेदार होता, तरी निदान मक्तेदार दोन होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेही चित्र पालटले. खेळाडूंच्या पोशाखांची विक्री करणाऱ्या फॅनॅटिक्स कंपनीने तिन्ही खेळांतील भावी हक्क मिळवले. टॉप्सचे मूल्य सुमारे १३० कोटी डॉलर धरून तिला शेअरबाजारात आणण्याचा बेत ठरलेला होता. परवाना जाणार हे कळताच तो बारगळला. २०२२ च्या जानेवारीत गोळ्या-मिठाईचा विभाग वगळून टॉप्सचा कार्डांचा धंदा फॅनॅटिक्सने सुमारे ५० कोटी डॉलरना घेतल्याचे वृत्त आले. नाव तेच, कारागीर तेच, सात दशकांची परंपराही तीच. हातची परवानगी मात्र जाणार होती. या धंद्यात मालमत्ता कशाला म्हणतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून बास्केटबॉलचा परवानाही पॅनिनीकडून नव्या मालकाकडे गेला. पॅनिनीने २०२३ मध्येच मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. आपली कार्डे छापणाऱ्या छापखान्यावरच प्रतिस्पर्ध्याने ताबा मिळवला, अशीही तिची तक्रार आहे. फॅनॅटिक्सने उलट दावा केला आहे. स्वतः वर्षानुवर्षे अनन्य परवान्यांवर पोसलेल्या कंपनीने स्पर्धेच्या नावाने गळा काढावा, यात विसंगती आहेच. पण फिर्यादीचे हात स्वच्छ नाहीत म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

याहून चिंताजनक गोष्ट वेगळीच आहे. नव्या व्यवस्थेत परवाना देणाऱ्या क्रीडा-संघटनांना आणि खेळाडूंच्या संघटनांनाही कार्ड-कंपनीत भागभांडवल मिळाल्याचे प्रसिद्ध झाले आहे. खेळाडूंना नफ्यात वाटा मिळावा, हे योग्यच. परंतु देणारा आणि घेणारा यांचे हितसंबंध एक झाले, की उद्या अटी जाचक झाल्या तर घासाघीस करावयाची कोणी आणि कोणाशी? मिलर यांच्या हाती ‘सही करू नका’ हे शस्त्र होते, कारण त्यांची संघटना टॉप्सची भागीदार नव्हती.

भारतीय वाचकाला हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांवरून झालेल्या वादात २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, खेळाडूंची नावे व कामगिरीचे आकडे ही सर्वांस उपलब्ध असलेली माहिती असून तिच्यावर कोणी एकट्याने हक्क सांगू शकत नाही, असा प्रथमदर्शनी कौल दिला. न्यायालयाने सार्वजनिक माहितीचे दार उघडे ठेवले, हे स्वागतार्ह आहे. पण खेळाडूंच्या बाजूने घासाघीस करावयाची वेळ आली तर येथे कोण उभा राहणार? २०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. मैदानावर खेळत असलेल्यांना अशी संघटना नाही. नामवंत फलंदाज आपले दलाल नेमून निभावून नेईल. रणजी करंडकात घाम गाळणाऱ्या साध्या गोलंदाजाचे काय?

उपाय अवघड नाहीत. परवाना द्यावा, पण तो आटोपशीर मुदतीचा असावा आणि प्रत्येक खेळात निदान दोघांना मिळावा. प्रत्येक कार्डाच्या किती प्रती छापल्या आणि पाकिटात दुर्मिळ कार्ड निघण्याची शक्यता किती, हे वेष्टनावर स्पष्ट छापण्याची सक्ती व्हावी. कारण ही पाकिटे मुलेही विकत घेतात आणि जुगाराची गोडी अशीच बेमालूमपणे लागते. परवाना देणाऱ्या संघटनेने परवानाधारकाच्या भांडवलात हात गुंतवू नयेत; खेळाडूंचा वाटा विक्रीवरील स्वामित्वधनातूनच द्यावा.

पुठ्ठ्याचा तुकडा क्षुल्लक खराच. पण माणसाचा चेहरा त्यावर छापला, की त्याच्याबरोबर त्या माणसाचा हक्क येतो आणि तो चेहरा प्रेमाने जपणाऱ्याचा विश्वासही येतो. या दोहोंची राखण एका मक्तेदाराच्या मर्जीवर सोपवणे शहाणपणाचे नव्हे.