ग्लोबची पुनर्रचना : पाठचिकित्सेच्या दृष्टीने

लंडनमध्ये १९९७ साली खुले झालेले ग्लोब नाट्यगृह शेक्सपिअरकालीन वास्तूची प्रतिकृती होय, असे सर्रास म्हटले जाते. मूळ प्रत उपलब्ध नसताना प्रतिकृती कशाची, हा प्रश्न निदान पाठचिकित्सेच्या अभ्यासकास तरी पडावयास हवा.

मुळात मूळ ग्लोब कोणते? भाडेपट्ट्याच्या तंट्यामुळे १५९८च्या अखेरीस बर्बेज बंधूंनी पीटर स्ट्रीट या सुताराकरवी शोरडिचमधील आपले जुने नाट्यगृह उतरविले आणि त्याच लाकडांतून १५९९ मध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर ग्लोब उभारले. २९ जून १६१३ रोजी ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात उडविलेल्या तोफेने त्याचे गवती छप्पर पेटले. १६१४ चे दुसरे ग्लोब कौलारू होते. १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यप्रयोग बंद केले आणि पुढे तेही नामशेष झाले.

उरलेली साधने पाहावीत. अंतर्भागाचे एकमेव समकालीन चित्र स्वान नाट्यगृहाचे, आणि तेही मूळ नव्हे, मित्राने केलेली नक्कल. स्ट्रीटशीच झालेल्या १६०० च्या फॉर्च्यून नाट्यगृहाच्या करारात ‘ग्लोबप्रमाणे’ असा निर्देश वारंवार येतो. पण फॉर्च्यून चौकोनी होते आणि सोबतचा आराखडा हरवला आहे. होलरच्या १६४७ च्या चित्रात तर ग्लोबचे नाव अस्वलांच्या खेळाच्या शेजारच्या इमारतीस पडले आहे. लेखनिकाचा असा प्रमाद आपल्याला काही नवा नाही! १९८९ च्या उत्खननात पायाचा अल्पसा भाग सापडला. आजच्या वास्तूच्या वीस बाजू आणि सुमारे १०० फुटांचा व्यास ही यावरून बांधलेली अनुमाने होत.

अमेरिकन नट सॅम वानामेकर यांनी १९७० पासून १९९३ मधील मृत्यूपर्यंत या कार्यासाठी केलेल्या खटपटीचे मोल यामुळे उणावत नाही. आक्षेप आहे तो अनुमानाला प्रमाण मानण्यास. छापील संपादनात कल्पित पाठ कंसात दाखविता येतो. येथे सिद्ध आणि कल्पित एकाच ओकच्या लाकडात घडविले गेले आहे. गवती छपरावरील पाण्याचे फवारे तेवढे उघडपणे आधुनिक.

कलासंचालिका एमा राइस यांनी विजेचे दिवे व ध्वनियंत्रणा वापरल्यावरून २०१६ मध्ये वाद झाला. विश्वस्त मंडळाच्या निर्णयानुसार २०१८ मध्ये त्यांनी पद सोडले. मंडळाचा निर्णय कठोर होता. तथापि प्रयोग दुपारच्या उजेडात होत, नट व प्रेक्षक परस्परांस दिसत, ही बाब कंसातली नव्हे. व्यासाविषयी वाद करता येईल. या उजेडाविषयी मात्र मंडळाची बाजू आम्हांस ग्राह्य वाटते.