ग्लास मोजा, झाडेही मोजा

शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर उतरणाऱ्या गाड्यांत थंड पेट्या असतात आणि त्या पेट्यांत हल्ली बेल्जियम, जर्मनी, मेक्सिको अशा नाना देशांच्या बिअर असतात. रो-रो सुरू झाली, अटल सेतू झाला आणि अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड मुंबईला आणखी जवळ आले. वेगवेगळ्या देशांची बिअर चाखून पाहणे हा आता छंद मानला जातो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे घरीच बिअर करणे. परदेशातून आलेला भाचा किंवा पुतण्या त्याचे सगळे साहित्य दाखवतो आणि 'यात काही रसायन नाही, सगळे नैसर्गिक' असे सांगतो. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या गावात 'माडी तर औषधी' असेही कोणी सांगत असते. या दोन्ही वाक्यांत थोडे खरे आहे आणि बरेच धोक्याचे आहे. म्हणून आज त्यांचा विचार.

बिअर आणि माडी ही एकाच प्रक्रियेची दोन रूपे आहेत. यीस्ट नावाची एकपेशीय बुरशी साखर खाते आणि तिच्यापासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवते. फरक साखर कुठून येते, एवढाच. जवात साखर नसते, पिष्ट असते. म्हणून जव भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, ती पिष्टाची साखर करतात. मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व गोडसर का लागते, याचेही कारण हेच. पुढे ते पाणी उकळून, कडवटपणासाठी हॉप्सची फुले घालून, गार करून त्यात यीस्ट सोडतात.

माडाला एवढा खटाटोप लागत नाही. न उमललेल्या पोयीचे टोक रोज थोडे कापले की जो रस झरतो, त्यातच दहा-पंधरा टक्के साखर असते. तो ताजा रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला आणि रस थंड ठेवला तर तो नीराच राहतो. तसे केले नाही, तर हवेतले, झाडावरचे आणि मडक्यातले यीस्ट व जिवाणू काही तासांत त्याची माडी करतात. दुसऱ्या दिवसापर्यंत ॲसिटिक आम्ल वाढून ती आंबट होते आणि शेवटी तिचा सिरका होतो. गोव्यातले माडाचे व्हिनेगर आणि सान्ने फुगवणारी सूर हे याच प्रवासातले थांबे. ब्रुसेल्सच्या परिसरात लॅम्बिक नावाची जी बिअर होते, तिच्यातही यीस्ट मुद्दाम घालत नाहीत. उघड्या पसरट भांड्यात रात्रभर गार होणाऱ्या रसात ते हवेतून येते. म्हणजे जगभरचे दर्दी ज्या पद्धतीच्या बिअरची वाखाणणी करतात, ती पद्धत आपल्या भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून सांभाळली आहे. हे कौशल्य आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे.

पण कौशल्याचा मान राखणे वेगळे आणि पेयाला निरुपद्रवी म्हणणे वेगळे. यकृताला जव आणि माड यांतला फरक कळत नाही. त्याच्यापर्यंत इथेनॉल पोचते. त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. नीरेतले थोडे क्षार आणि जीवनसत्त्वे माडीत उतरतात हे खरे, पण तेवढ्यासाठी अल्कोहोल पोटात घालण्याचे कारण नाही.

'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' हा समज हिशेबानेच मोडता येतो. अनेक देशांत दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाण पेय धरतात. आपल्याकडच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच टक्क्यांची बिअर असेल तर अल्कोहोल सुमारे २५ ग्रॅम भरते. आठ टक्क्यांची 'स्ट्राँग' असेल तर सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे एका बाटलीत चार पेये. पाच टक्क्यांच्या माडीचा पाव लिटरचा ग्लास म्हणजे एक पेय. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निपटते. अंघोळ, कॉफी, लिंबूपाणी यांनी तो वेग वाढत नाही. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने उपाशीपोटी एक स्ट्राँग बाटली भरभर संपवली, तर वाहन चालवण्यासाठी ठरलेल्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त अल्कोहोल त्याच्या रक्तात असू शकते. वडखळच्या रस्त्याला लागण्यापूर्वी आणि भरतीच्या पाण्यात उतरण्यापूर्वी हे गणित आठवायला हवे. पाण्यात तोल, अंदाज आणि श्वासावरचा ताबा लागतो आणि अल्कोहोल नेमके तेच आधी काढून घेते.

मुतखड्यावर बिअर हाही असाच समज. बिअरने लघवी वाढते, कारण अल्कोहोल शरीरातले पाणी धरून ठेवणारे संप्रेरक दाबते. परिणामी नंतर शरीरातले पाणी कमी होते. शिवाय बिअरने रक्तातले युरिक ॲसिड वाढते आणि काही खडे त्याचेच असतात. लघवी वाढवायला साधे पाणी पुरते.

आता घरच्या बिअरविषयी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करायला मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे गुन्हा आहे. मायक्रोब्रुअरीलाही परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी धोके उरतातच. आंबणे पुरे होण्याआधी बाटली बंद केली तर आतल्या वायूच्या दाबाने काच फुटते. अल्कोहोल किती झाले, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि त्या भांड्याला उष्णता देऊन ऊर्ध्वपातन करण्याचा मोह झाला, तर आग आणि तीव्र दारू या दोन्ही गोष्टी घरात शिरतात.

मात्र आपल्या राज्यात माणसे सर्वाधिक संख्येने मेली ती आंबवण्याच्या चुकीने नव्हे, भेसळीने. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होते. दारूत ते येते कारखान्यातल्या द्रावकाच्या पिंपातून. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते आधी दृष्टिचेता जाळते. पिऊन झाल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगी.

ताडी-माडीतली भेसळ याहून शांत असते. पाण्यात सॅकरिन, पांढरा रंग येईल असे काही आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट. हे गुंगीचे रसायन अल्कोहोलबरोबर श्वास मंदावते, हृदयाची लय बिघडवते आणि त्याचे व्यसन लागते. एकदम बंद केले तर झटके आणि भास होऊ शकतात. घरचा माणूस 'फक्त माडीच तर पितो' म्हणून कुटुंब निर्धास्त राहते आणि डॉक्टरांनाही खरे कारण सुचत नाही.

यावर उपाय अवघड नाही. एक माड दिवसाला साधारण दीड-दोन लिटर रस देतो. म्हणजे रोज शंभर लिटर विकणाऱ्या दुकानामागे पन्नासेक तरी छेदलेले माड उभे दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर उरलेली माडी आली कुठून? राज्य उत्पादन शुल्क विभागाने दुकानांवर छापे घालण्याआधी झाडे मोजावीत आणि लिटर त्यांच्याशी ताडून पाहावेत. क्लोरल हायड्रेटसाठी रंगबदलावर आधारलेली जुनी, स्वस्त चाचणी आहे. तिचे निकाल दुकानाबाहेर लावावेत. बाटलीवर टक्क्यांबरोबर ग्रॅमही छापावेत. आणि माडावर चढणाऱ्याला थंड साखळीची सोय देऊन नीरा विकू द्यावी. तसे झाले तर त्याचे कौशल्य टिकेल आणि त्याला नशेवर जगावे लागणार नाही.

न पिणाऱ्याने कोणाच्या आग्रहाने सुरू करू नये. पिणाऱ्याने देशांची नावे मोजण्यापेक्षा ग्रॅम मोजावेत. झाडे मोजायचे काम सरकारचे आहे आणि ते पुढच्या मालवणीची वाट न पाहता व्हावे.