विक्रीपूर्व रंगरंगोटी आणि विक्रेत्याचे दायित्व

संपादक महाशयांस,


जुने घर विकण्यापूर्वी भिंतींना सिमेंटचा गिलावा व तैलरंग दिल्यास किंमत चढते, असे प्रतिपादन करणारे जे पत्र गतांकात प्रसिद्ध झाले, त्यातील हिशेब मान्य केला तरी, पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांस तो सल्ला लागू करणे मला सर्वथा अनुचित वाटते. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट व तैलरंग चढविला की तीच ओल आत कोंडते, आणि पावसाळ्यानंतर जोत्यालगत रंगाला फुगे येऊन, नखाने खरवडताच पांढरी खारी भुकटी हाती लागते. तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजू लागतात ती निराळीच. तोवर खरेदीखत नोंदले गेलेले असते आणि सारा भुर्दंड नव्या कुटुंबाच्या माथी बसतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये, विपरीत करार नसल्यास, जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे व खरेदीदारास सामान्य सावधगिरीने आढळणार नाही, तो प्रकट करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. असे असता तो रंगाखाली दडविण्याची तजवीज पत्रलेखकांनी निःशंकपणे सुचवावी, याचा मला खेद होतो.

खर्च करावयाचाच तर कौले चाळावीत, पन्हळी दुरुस्त कराव्यात, गिलावा चुन्याचाच करावा, आणि मिळकतपत्रिकेवर मयताचे नाव तसेच राहिले असल्यास दिवाणखाना सजविण्याआधी वारसनोंद करून घ्यावी.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे