बहिणाबाईंचीं सामान्य गाणीं

खानदेशांत काव्याची गोडी असणाऱ्या मंडळींत बहिणाबाई चौधरी यांच्याविषयीं दोन पक्ष आढळतात, आणि ते दोन्ही आम्हांस सारखेच अन्यायाचे वाटतात. पहिला पक्ष भक्तांचा. बहिणाबाईंच्या नांवें जें जें छापलें आहे तें सर्व उत्तमच असलें पाहिजे, असा यांचा निश्चय. आणि एखादें गाणें फिकें आहे असें कोणी दाखवून दिलेंच, तर 'मग तें त्यांचें नसेलच, कोणीतरी मागाहून घुसडलें असेल,' असें म्हणून ही मंडळी मोकळी होतात. दुसरा पक्ष संशयी पंडितांचा. हा उघडपणें लिहीत नाहीं, कुजबुजतो. जिला अक्षरओळख नाहीं अशा शेतकरणीला असें काव्य सुचावें कसें? मुलगा सोपानदेव नांवाजलेला कवि. तेव्हां चांगलीं गाणीं त्याचीं आणि उरलेलीं आईचीं, असा या पक्षाचा न्याय. म्हणजे भक्तांनीं फिकीं गाणीं काढून न्यावींत आणि पंडितांनीं उत्तम गाणीं काढून न्यावींत. मग त्या माउलीच्या पदरांत राहिलें काय?

मूळ हकीकत सर्वांना ठाऊक आहे. बहिणाबाईंचा जन्म १८८० सालीं जळगांवाजवळील आसोदें या गांवीं झाला. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, चुलीपाशीं त्या गाणीं रचीत व म्हणत. सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधु पितांबर चौधरी यांनीं तीं टिपून ठेविलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या निवर्तल्या आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक बाहेर पडलें. स्वतःचें छापील पुस्तक त्यांनीं पाहिलें नाहीं. एवढ्यावरूनच पंडितांस शंकेला जागा सांपडली आहे.

परंतु सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हा प्रकार आम्हां खानदेशकरांना अपरिचित कां वाटावा? जळगांवाहून धुळ्यास जाऊन श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांतील बाडें पाहावींत. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी मठामठांतून हिंडून ती संपत्ति धुळ्यांत आणिली व जपली. त्यांनीं दासबोध छापला तो डोमगांवच्या प्रतीवरून, आणि ती प्रत कल्याणस्वामींच्या हातची. अक्षर कल्याणाचें म्हणून ग्रंथहि कल्याणाचा, असें धुळ्यांत कोणी म्हणेल काय? एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, म्हणून ती एकनाथांची झाली नाहीं. याच धुळ्यांत राजवाड्यांनीं देह ठेविला आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें १९२७ पासून उभें आहे. पुरावा म्हणजे काय, हें शिकावयास आम्हांला पुण्यास जावें लागत नाहीं. असें असतां समर्थांच्या लेखकाला एक न्याय आणि शेतकरणीच्या लेखकाला दुसरा, हा भेद कोठून आला? कल्याणस्वामींचे गुरु ब्राह्मण पुरुष होते आणि सोपानदेवांची आई लेवा पाटीदारांच्या घरांतील निरक्षर विधवा होती, याखेरीज दुसरें कारण आम्हांस दिसत नाहीं.

आतां भक्तांकडे वळूं. फिकें तें प्रक्षिप्त, ही त्यांची कसोटी मराठींत जुनीच आहे व तिनें पूर्वींहि घोटाळे केले आहेत. 'नामा म्हणे' ही मुद्रा नामदेवांमागून विष्णुदास नाम्यानेंहि लाविली. तेव्हांपासून उत्तम अभंग दिसला कीं तो पहिल्या नाम्याचा आणि बेताचा दिसला कीं तो दुसऱ्याचा, अशी वांटणी करण्याचा मोह पुष्कळांना झाला. परंतु कोणता कवि रोजच उत्तम लिहितो? वर्ड्स्वर्थच्या सामान्य कविता काढून टाकल्या तर त्याचा संग्रह केवढासा उरेल, हें त्याचे चाहतेहि जाणतात. म्हणून त्या दुसऱ्या कोणाच्या आहेत असें ते म्हणत नाहींत.

बहिणाबाईंचींहि कांहीं गाणीं सामान्य आहेत, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. कशाला काय म्हणूं नये, याची लांबच लांब माळ गुंफलेलें त्यांचें गाणें घ्या. शाळांच्या संमेलनांतून तें मोठ्या हौसेनें म्हटलें जातें. त्यांतील कांहीं मणी अस्सल आहेत, पण पुष्कळसे केवळ माळ वाढविण्यापुरते. निम्मे काढले तरी गाण्याचें कांहीं बिघडत नाहीं. मात्र असें कां झालें, याचा विचार करावा. ही मालिकेची घडण बाईंची एकटीची नव्हे, ती जात्यावरच्या ओव्यांची आहे. दळण सरेपर्यंत गाणें सरतां कामा नये, म्हणून कडव्यामागून कडवें जोडावयाचें. पायली दळणारणीला जें लागतें, तें छापील पानावर लांबण वाटतें. हें उसनें घेतलेलें आहेच. पण तें ज्या सामाईक कोठारांतून घेतलें, त्याची मालकी आजी-पणजीकडून त्यांच्याकडे आली होती. त्यांचें उत्कृष्ट गाणेंहि, सुगरणीच्या खोप्याचें किंवा मोकाट मनाचें, त्याच कोठारांतल्या सामानानें बांधलेलें आहे. बांधणी तेवढी त्यांची, आणि काव्यांत बांधणी हेंच सर्वस्व.

छापखान्यावरचें गाणेंहि आम्ही पहिल्या प्रतीचें मानीत नाहीं. पण पंडितांनीं तें एकवार लक्षपूर्वक वाचावें. त्यांत यंत्राचें जें नवल आहे, तें ज्याचीं स्वतःचीं पुस्तकें छापखान्यांतून निघालीं त्या कवीचें असूं शकेल काय? छापील अक्षराचें नवल त्यालाच, ज्याला तें वाचतां येत नाहीं. सोपानदेवांनीं 'काव्यकेतकी'सारखे संग्रह स्वतःच्या नांवानें काढले. त्यांतील नागर, आळविलेली शब्दकळा आणि आईच्या गाण्यांतील लेवा बोली शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. कोणी म्हणेल, मॅक्फर्सननेंहि ओसियनच्या नांवावर स्वतःचें काव्य खपविलेंच होतें. खरें, पण तें त्यानें इंग्रजींत छापलें, आणि गेलिक मूळ दाखवा म्हणतांच त्याची पंचाईत झाली. येथें मूळ बोलीच छापलेली आहे, आणि ती आसोद्याच्या ओट्यावर आजहि ऐकूं येते. मुलानें लिहून घेतांना कोठें एखादा शब्द सांवरला असेल, अशी शंका घ्यावयास आमची हरकत नाहीं. ज्याला ती घ्यावयाची असेल त्यानें गाणें व ओळ दाखवावी. नुसत्या कुजबुजीला पुरावा म्हणत नाहींत.

विलायतेंतील एक उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. लेड झेपेलिन नांवाच्या प्रख्यात गायकवादकांच्या संचानें १९६९ सालीं एक गीत स्वतःच्या नांवावर काढलें. विली डिक्सन या अमेरिकेंतील काळ्या गीतकारानें तें आपल्या रचनेवरून उचलल्याचा दावा १९८५ सालीं लावला, १९८७ मध्यें तडजोड झाली आणि पुढें त्याचें नांव श्रेयांत आलें. तेथें नामांकितांनीं गरिबाचें घेतलें होतें, तें न्यायालयाच्या दारांतून परत गेलें. येथें मुलानें आईचें आईलाच दिलें, आणि आमचे विद्वान् तें तिच्याकडून काढून पुन्हां त्याच्याच हातीं ठेवूं पाहतात! सोपानदेवांच्या प्रामाणिकपणाचाहि हा अपमान आहे, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

२०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. पदवीपत्रावर ज्यांचें नांव छापलें जातें, त्यांना 'पदवीधरासारखें सुचलेंच कसें' म्हणून त्याच आवारांत कोणी हंसावें, हें शोभत नाहीं. आमची सूचना लहानशी आहे. येत्या ३ डिसेंबरला जेथें जेथें त्यांचीं गाणीं होतील, तेथें नेहमींच्या पांच-सहा गाण्यांबरोबर दोन सामान्य गाणींहि त्यांच्याच नांवानें म्हणावींत, तींहि बोलींतील उच्चार न सुधारतां. कोणतीं निवडावींत हें ठरत नसेल, तर आसोद्याच्या बायकांना विचारावें.