इशाऱ्याचे तोंड बंद करू नका

सुलतान बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि देणग्यांतून आमच्याकडे बरीच मराठी व कन्नड पुस्तके जमली आहेत. त्यांची यादी ठेवण्यासाठी मी काही वर्षांपूर्वी पायथॉन भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मध्यंतरी तो नव्या लॅपटॉपवर, म्हणजे पायथॉन ३.१२ वर चालविला, तर पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. शेजारी बसलेल्या एका हुशार विद्यार्थ्याने तत्काळ उपाय सुचविला, "सर, वॉर्निंग बंदच करून टाकू. काम तर होतंय ना?" आपल्या हैदराबादेत यालाच 'चलता है' म्हणतात. माझे भांडण आहे ते या 'चलता है'शी.

मुळात प्रकार असा. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात उलटी तिरपी रेघ (\) आली की पुढच्या अक्षराला निराळा अर्थ येतो. एन आला तर नवी ओळ, टी आला तर टॅब. ज्या जोडीला असा अर्थच नाही, उदाहरणार्थ रेघेपुढे डी, ती पायथॉन मुकाट्याने जशीच्या तशी ठेवीत आली. शोधाच्या नमुन्यात हीच जोडी 'कोणताही अंक' म्हणून लागते (देवनागरी आणि कन्नड अंकही तीत येतात, हे आपल्या सोयीचे!), म्हणून आपणही ती बिनदिक्कत लिहीत आलो. २०१६ साली ३.६ मध्ये या सैलपणावर इशारा आला, पण तो सहसा दिसत नसे. २०२३ च्या ३.१२ पासून तो उघड दिसू लागला. पुढे केव्हातरी ही सरळ चूकच धरली जाणार आहे.

त्या विद्यार्थ्याचे ऐकले असते तर काय झाले असते? इशाऱ्यांच्या निमित्ताने मी प्रत्येक ओळ वाचीत गेलो आणि खरी चूक सापडली ती नेमकी इशारा नसलेल्या ओळीत. सुलतान बाजाराला पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणत; १९३३ साली तो निजामाकडे परत गेला. त्या जुन्या नावाचा शिक्का असलेली पुस्तके शोधण्यासाठी मी रेघेपुढे बी लिहिला होता. नमुन्यात त्याचा अर्थ 'शब्दाची सीमा'. पण साध्या अवतरणात ती जोडी बॅकस्पेस ठरते, आणि तो अर्थ पायथॉनला मान्य असल्याने ती तक्रार करीत नाही. परिणामी शोधाचे उत्तर कायम शून्य. "अशी पुस्तके आपल्याकडे नाहीत," असे मी एका विद्यार्थ्याला छातीठोकपणे सांगून परत पाठविले होते!

दुरुस्ती करताना आणखी एक अडचण होती. ग्रंथालयातला जुना संगणक विंडोज ७ वर चालतो, आणि त्यावर पायथॉन ३.८ च्या पुढे जाता येत नाही. तेव्हा उपाय असा हवा की जुन्या-नव्या दोघांना एकच अर्थ लागावा. अवतरणाआधी आर हे अक्षर लावले की आतली रेघ रेघच राहते, आणि हे दोन्हीकडे चालते. मात्र सरसकट आर लावीत सुटू नये. छापावयाच्या मजकुरात जिथे खरोखरच नवी ओळ हवी तिथे आर लावला की पडद्यावर रेघ आणि एन उमटतात. अशा ओळीत नको त्या जागची रेघ तेवढी दुहेरी करावी. फोल्डरच्या पत्त्यात तर सरळ तिरपी रेघ वापरावी, विंडोजलाही ती चालते. पायथॉन २ च्या जुन्या पुस्तकांत यू आणि आर जोडून लावलेले दिसतात, त्यांची नक्कल नको. ३ मध्ये ते वाचलेच जात नाही.

एक सावधगिरी. आयात केलेल्या फाइलचा इशारा दुसऱ्या वेळी दिसत नाही, कारण तिचे संकलित रूप साठवलेले असते. तो दिसेनासा झाला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. इशारा हीच चूक मानून प्रोग्रॅम थांबवावा, अशी आज्ञा पायथॉनला देता येते. मी ती देऊन दोन्ही संगणकांवर तपासले.

रेसिडेन्सी बाजाराच्या शिक्क्याची पुस्तके आता यादीत दिसतात. ती मागायला आलेला विद्यार्थी मात्र तोवर पदवी घेऊन गेला होता.